वस्ती उठवा म्हणायचो तेव्हा

सिंधुदुर्ग किल्ल्यावरची वस्ती उठवावी, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. आणि ते मी मनात ठेवलेलं नव्हतं. मालवणात इतिहास शिकवणारा मास्तर म्हटल्यावर चार माणसं ऐकून घेतात, त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला. किल्ला किल्ल्यासारखा दिसला पाहिजे, हे माझं पालुपद. तट, बुरूज, शिवराजेश्वराचं देऊळ, विहिरी, बस्स. दोरीवर वाळत घातलेली लुगडी, सरबताची टेबलं, पत्र्याच्या पडव्या, प्लास्टिकच्या तलवारी आणि उन्हाच्या टोप्या यांचं तिथे काय काम? तिथल्या कुटुंबांना किनाऱ्यावर बरी घरं द्या. होडीची दगदग सुटेल, आजारी माणसाला दवाखाना जवळ येईल, मुलांच्या शाळेची ओढाताण थांबेल. किल्लाही सुटेल आणि माणसंही सुटतील. अशा आशयाचं निवेदन मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, गावातल्या प्रतिष्ठितांच्या सह्या गोळा केल्या आणि एका कचेरीत नेऊन दिलं. पोच मिळाली. पुढे निवेदनांचं जे होतं तेच झालं.

आता मी उलट बोलतो, तेव्हा त्या वेळी ज्यांनी सह्या दिल्या होत्या ते साहजिकच विचारतात, "मास्तर, झालं काय तुम्हांला?" तोंडी सांगायला गेलं की चहा संपतो आणि मुद्दा राहतो. म्हणून हे लिहून काढतो आहे.

आधी एक सांगायला हवं. ते मत अगदीच हवेतलं नव्हतं. मी वर्षानुवर्षं मुलांच्या सहली किल्ल्यावर नेल्या. धक्क्यावरून होडी सुटायच्या आधी मोरयाच्या धोंड्याकडे बोट दाखवायचं: २५ नोव्हेंबर १६६४ला महाराजांनी इथे पूजा केली आणि समोरच्या कुरटे बेटावर काम सुरू झालं. १६६७पर्यंत, म्हणजे तीन वर्षांत, ४८ एकरांच्या जागेभोवती सुमारे तीन किलोमीटरची नागमोडी तटबंदी उभी राहिली. पायाच्या दगडांत शिसं ओतलं, असं परंपरा सांगते. दरवाजा असा लपवलेला की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. भोवती खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे नि पायाचे ठसे. राजाराम महाराजांनी १६९५मध्ये बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर. १७६५मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याचं नाव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवलं, हे ऐकून पोरं हमखास हसायची. मग तो पुन्हा करवीरकरांकडे आला आणि १८१२मध्ये इंग्रजांकडे गेला तो गेलाच. एवढं सगळं घसा कोरडा करून सांगायचं आणि परतीच्या होडीत विचारायचं, "काय आवडलं रे?" उत्तर ठरलेलं: कोकम सरबत. दोन फांद्यांचा माड जिवंत होता तोवर निदान काही जण 'माड' म्हणायचे. त्याच्यावर वीज पडली आणि सरबताला स्पर्धकच उरला नाही.

मास्तर माणसाचा राग असा साठत जातो. पण नुसत्या रागाने निवेदन लिहिलं नव्हतं. एखाद्या पडवीचा पत्रा थेट जुन्या भिंतीला टेकलेला दिसायचा. फुटलेल्या जोत्याला कुणीतरी सिमेंट थापलेलं असायचं. त्याचा त्रास मला आजही होतो, त्या बाबतीत मी तसूभरही बदललेलो नाही. जुन्या चिऱ्यांमधला चुना मऊ असतो, भिंतीतला ओलावा तो बाहेर टाकतो. त्यावर सिमेंट चढवलं की ओल आत कोंडते, खार फुगतो आणि सिमेंट शाबूत राहून मागचा चिराच भुगा होऊन पडतो. हे मला एका म्हाताऱ्या गवंड्याने नखाने खरवडून दाखवलं होतं. तेव्हा माझं गणित सोपं होतं: माणसं असतील तर सिमेंट येणार. माणसं काढा, सिमेंट थांबेल.

ही माणसं तिथे आली कशी, तेही मला ठाऊक होतं. शिबंदीतल्या आणि किल्ल्याच्या चाकरीतल्या घराण्यांचे हे वंशज. हिंदूही आहेत, मुसलमानही. घरं आता मोजकीच, तरणी पोरं बहुतेक कुडाळला, मुंबईला. मे सरता सरता प्रवासी होड्या बंद होतात त्या थेट ऑगस्ट संपेस्तोवर. त्या आधी आगोट भरायची, तांदूळ, मीठ, सुकी मासळी, औषधं, आणि मग दर्या निवळायची वाट बघत राहायचं. हे सगळं मी मुलांना माहिती म्हणून सांगायचो. त्या माहितीतून काही निष्कर्ष निघतो, असं मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी किल्ल्यावर मुलांशिवाय जायला लागलो. मुलांशिवाय गेलं की माणूस मोजणी करायचं सोडून बघायला लागतो. नारळी पौर्णिमा होऊन होड्या नुकत्या सुरू झालेल्या, पर्यटक अजून फिरकलेले नव्हते. ओळखीच्या एका काकी त्यांच्या घरामागच्या तटाच्या भिंतीकडे मला घेऊन चालल्या होत्या, कुठून पाणी झिरपतं ते दाखवायला. बोलता बोलता त्यांचा हात भिंतीकडे गेला, सांध्यातून वर आलेलं पिंपळाचं रोप त्यांनी चिमटीत धरून उपटलं आणि टाकलं. दोन पानांचं रोप, मूळ सुताएवढं. बोलणं थांबलं नाही, पावलंही थांबली नाहीत. चार हात पुढे आणखी एक. मग एक उंबराचं. भाजी निवडताना हात आपोआप चालतो तसा त्यांचा हात चालला होता.

"हे रोजचंच का?" मी विचारलं.

"मगे? दिसलां की उपटूचां. मोठां झालां मगे कोयतो व्हयो. आणि कोयतो घेतलो की सायबाची परवानगी व्हयी."

मी जरा भारावून म्हटलं, की तुम्ही किल्ल्याची केवढी सेवा करता. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झालो.

"खंयची सेवा! रान वाढलां की जनावर येता, मास्तरांनू."

जनावर म्हणजे साप. घराच्या मागच्या भिंतीत झाडी माजली तर साप घरात येतो, म्हणून रोप उपटायचं. छत्रपती, स्वराज्य, वारसा यांतलं काहीही त्यात नव्हतं.

घरी येऊन मी ह्या दोन पानांच्या रोपाचा हिशेब मांडला. पक्ष्याच्या विष्ठेतून वडा-पिंपळाचं बी सांध्यात पडतं. पहिल्या पावसात दोन पानं. पुढच्या वर्षी मूळ बोटाएवढं. मग कुणीतरी कोयत्याने वरचं तोडतं, पण मूळ आत राहतं आणि चिडल्यासारखं जाड होतं. चिरा सरकतो, त्या फटीतून पावसाचं पाणी आत शिरतं, चुना धुपतो, भिंतीच्या पोटातली दगडमातीची भर भिजून फुगते. गवंडी म्हणतात, भिंतीने पोट काढलं. असं पोट काढलेली भिंत एखाद्या आषाढात बसते. मग पराती, अंदाजपत्रक, निविदा, होडीने चुना नि वाळू आणणं, आणि हे सगळं दिवाळी ते मे एवढ्याच अवधीत. चिमटीत निपटणाऱ्या कामाचं असं लाखांचं काम होतं.

आणि खरी गोम कॅलेंडरात आहे. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. बी रुजतं तेव्हाच, सांधे उघडतात तेव्हाच, पाणी शिरतं तेव्हाच. आणि नेमक्या त्याच दिवसांत किनाऱ्यावरून कुणी किल्ल्यावर सहज पोचू शकत नाही. माझं निवेदन कुणी मनावर घेतलं असतं, तर जून ते ऑगस्ट त्या तीन किलोमीटरच्या तटाला दोन पानांची रोपं बघणारा डोळाच राहिला नसता. हे लक्षात आलं आणि मी जरा अस्वस्थ झालो. मत तेव्हा बदललं, असं मात्र म्हणणार नाही. एका काकींच्या चिमटीवर कुणी मत बदलत नाही.

म्हणून मी आजूबाजूला पाहायला लागलो. मसुऱ्याचा भरतगड आणि खाडीच्या पल्याडचा भगवंतगड, ही जोडी आमच्याच तालुक्यातली. सावंतवाडीच्या फोंड सावंतांचा भरतगड, आणि त्याच्यावर नजर ठेवायला बावडेकरांनी समोरच्या टेकडीवर बांधलेला भगवंतगड. पाऊस तोच, चिरा तोच. भरतगडावर चढलात तर खंदक दिसतो, तट-बुरूज दिसतात, बालेकिल्ल्यातली खडकात खोदलेली खोल विहीर दिसते. भगवंतगडावर सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत वाट आहे, त्यापुढे तट शोधावा लागतो, कारण रानाने तो गिळला आहे. फरक कशाचा? भरतगड खाजगी मालकीचा आहे आणि त्यावर आंब्याची बाग आहे. बाग म्हटली की वाट साफ हवी, खतं न्यायला आणि पेट्या उतरवायला रस्ता हवा, मोहोराच्या दिवसांत राखण हवी. किल्ला वाचला तो हापूसच्या आड.

धामापूरचा तलावही मग मला निराळा दिसायला लागला. १५३०मध्ये नागेश देसाईंनी बांधला असं सांगतात. दोन डोंगरांमध्ये घातलेला बांध, काठावर भगवती. २०२०मध्ये सिंचनाच्या जागतिक संस्थेने त्याला वारसा-सिंचन-स्थळांच्या यादीत घेतलं तेव्हा आम्हांला उकळ्या फुटल्या. पण ही जवळजवळ पाचशे वर्षं तो बांध टिकला कसा? खाली शेती होती म्हणून. बांधाला भोक पडलं तर लावणी बुडायची. कुणी वारसा जपत नव्हतं, भात जपत होतं.

साप, हापूस, भात. माझ्या मताला एवढी साधी गोष्ट खटकत राहिली. जे टिकलं ते टिकवण्याचा हेतू ठेवून टिकलेलं नव्हतं, कुणाच्या तरी दुसऱ्याच गरजेमागून फरफटत ते आपल्यापर्यंत आलं होतं. आणि मी ती गरजच काढून टाकायला निघालो होतो, किल्ला साफ दिसावा म्हणून.

मग 'माणसं हलवली तर सरकार बघेल' हा माझा जुना भरवसा तपासायची वेळ आली. २०१३मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालात आलं, की केंद्राच्या संरक्षणातली ९२ स्मारकं तपासणीत जागेवर सापडलीच नाहीत. त्यांतली काही नंतर सापडली. काही शहरांच्या पोटात गेली, काही धरणांच्या पाण्याखाली. २०२२मध्ये संसदेच्या समितीपुढे जे आकडे आले ते तर मी वहीत उतरवून ठेवले आहेत: देशात केंद्र-संरक्षित स्मारकं ३,६९३, सुरक्षारक्षक आहेत त्यांपैकी २४८ ठिकाणी, गरज सात हजारांची, नेमलेले २,५७८. यात मला कुणाला दोष द्यायचा नाही. एवढ्या मोठ्या देशात इतक्या दगडांना माणसं पुरवायची कशी? पण ज्या किल्ल्यावर पिढ्यान्‌पिढ्या विनापगारी माणसं आहेत, तिथून ती हलवून पगारी माणसांची वाट पाहायची, हा व्यवहार कुठल्या मारवाड्यालाही पटला नसता. मला मात्र इतकी वर्षं पटला होता.

हंपीला मी दोनदा गेलो आहे. पहिल्या खेपेला विरूपाक्षाच्या देवळापुढच्या बाजारपेठेत जुन्या दगडी मंडपांतून माणसं राहत होती. खांबांच्या मध्ये भिंती घालून केलेल्या खानावळी, केळीवाले, सायकली. मला तेव्हा किळस आली होती. २०११च्या जुलैत ती वस्ती बुलडोझर लावून काढली. दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा मंडपांची रांग मोकळी होती, फोटो उत्तम आले. मला हवं होतं ते नेमकं हेच. दुपारी त्या रांगेतून चालताना पाणी प्यावं म्हटलं तर कुणी नाही, आणि हे मंडप बाजाराचे होते हे सांगायला बाजारच नाही. माझ्या निवेदनातला सिंधुदुर्ग असाच दिसला असता. तरी न्यायाने सांगतो, तिथल्या पाडापाडीला कारणंही होती, मंडपांत भर घालून बांधलेल्या भिंती खऱ्याच होत्या.

उलट बाजूचा दाखला माझे वकील मित्र देतात. जुन्या निवेदनावर दुसरी सही त्यांचीच. ते म्हणतात, जैसलमेर बघा. बाराव्या शतकातला किल्ला, आत हजारो माणसं राहतात. नळ आले, मोऱ्या आल्या, हॉटेलं आली. पूर्वी कळशीने पाणी वापरायचे तेव्हा काही होत नव्हतं, नळाचं पाणी टेकडीत मुरायला लागलं आणि बुरूज ढासळले. २०१३मध्ये जागतिक वारसा होऊनही दुखणं गेलेलं नाही. "आज तुम्ही काकींच्या पडवीला परवानगी मागाल, उद्या त्यांचा पुतण्या तिथे 'सी व्ह्यू' खोल्या काढेल, मग कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?" या प्रश्नाला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. खोल्या काढता काढता तारकर्ली-देवबागला काय झालं ते रोज डोळ्यांनी बघतो आहे. १९९७मध्ये आमचा जिल्हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हा यातलं काहीच कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हतं. मी एवढंच म्हणतो की खोल्या आणि पडवी यांच्यात रेघ ओढता येते, अवघड आहे, पण ओढता येते. वकील म्हणतात, रेघा ओढायला मास्तर आणि पुसायला पुढारी.

'संरक्षित' म्हटलं की मालवणात कपाळावर आठी का येते, हेही मला उशिरा कळलं. १९८७मध्ये किल्ल्याभोवतीचं पाणी धरून २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. प्रवाळ, मासे, सगळं वाचावं म्हणून. किल्ला आणि शेजारच्या पद्मगडाच्या आसपासचा भाग गाभ्यात. पिढ्यान्‌पिढ्या तिथे जाळी टाकणाऱ्या रापणकर-गाबितांना हे आपल्यावरचं संकट वाटलं आणि तो विरोध कधी शमलाच नाही. मी त्या वेळी अभयारण्याच्या बाजूने होतो, तसा आजही आहे. पण ज्यांची गरज त्या पाण्यात होती त्यांना बाहेर ठेवून केलेली राखण कशी कागदावरच राहते, ते आम्ही डोळ्यांदेखत पाहिलं. वेंगुर्ल्याला याच्या उलट घडलं. तिथल्या स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी मांडवी खाडीत पर्यटकांना कांदळवन दाखवायला होडी सुरू केली. कांदळवन तोडलं तर होडीत कोण बसेल? आता त्या खाडीची राखण अशा बायका करतात ज्यांना तिकिटाचे पैसे हवे आहेत. पुन्हा तेच, दुसऱ्या गरजेमागून.

११ जुलै २०२५ला पॅरिसमध्ये 'भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश' जागतिक वारसा झाले. बारा किल्ले, अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतली जिंजी, आणि त्यांत आमच्या जिल्ह्यातले दोन, सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग. त्या दिवशी मीही पेढे वाटले. आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या जुन्या निवेदनाची मला भीती वाटायला लागली. कारण आता तसा विचार करणारे लोक वाढणार. आराखडे होतील, चित्रांत किल्ला स्वच्छ रंगवला जाईल, चित्रात लुगडी नसतील. पन्हाळ्यावर तर अख्खं गाव आहे, नगरपरिषद आहे. नामांकनाच्या वेळी तिथल्या रहिवाशांनी आपली धास्ती उघड बोलून दाखवली होती. सिंधुदुर्गावरच्या मोजक्या घरांचा आवाज होडीच्या इंजिनावरून किनाऱ्यापर्यंत येतो कुठे?

शिवाय पैसा कशाला लवकर मिळतो, तेही आम्ही अलीकडेच पाहिलं. राजकोटावरचा महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ला उभा राहिला, २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला आणि मे २०२५मध्ये तिथे नवा, अधिक उंच पुतळा उभा होता. त्याबद्दल पुष्कळ बोलून झालं आहे, मी भर घालत नाही. मला फक्त हे दिसतं, की पडलेलं नवं उभं करायला नऊ महिने पुरतात, आणि पडू घातलेलं जुनं धरून ठेवायला लागणारं काम इतकं बारीक असतं की त्याचं उद्घाटनच करता येत नाही. रोप उपटण्याला फीत कशी कापणार?

तर आता आम्ही काही जण नवं निवेदन लिहितो आहोत. जुन्यातल्या दोन सह्या नव्यावर येतील, वकिलांची येईल असं वाटत नाही. मागण्या मोठ्या नाहीत. किल्ल्यावर राहणाऱ्यांतून ज्यांची तयारी असेल त्यांना तटाची वर्षभराची देखभाल रीतसर सोपवा: रोपं काढणं, पन्हळी मोकळ्या ठेवणं, पावसात कुठे सांधा उघडला त्याची नोंद करणं. चुन्याने दर्जा भरायचं काम शिकवायला जाणता गवंडी पाठवा. आमच्या किनाऱ्यावर पूर्वी शिंपल्यांच्या चुन्याच्या भट्ट्या असायच्या, आता चुना विकत घ्यायचा म्हटलं तरी सिमेंटचं दुकान आधी लागतं. घरदुरुस्तीच्या परवानग्या वेळेत द्या. कायदा १९५८चा, २०१०मध्ये तो आणखी कडक झाला: स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीनेच. कायद्याला माझा विरोध नाही, हॉटेलवाल्यांपासून किल्ले वाचले ते त्याच्यामुळेच. पण किल्ल्याच्या आतच ज्यांचं घर आहे, त्यांचं काय करायचं याचा विचार त्यात धड नाही. १६६४च्या बांधणाऱ्यांनी तटाच्या जाडीत शौचकूप ठेवले होते, शिबंदीची सोय म्हणून. आज तिथे संडास बांधायचा तर कागदांची फेरी सुरू होते.

हा मसुदा मी काकींना वाचून दाखवायला घेऊन गेलो. आता मी त्यांच्या बाजूचा आहे, तेव्हा त्यांना आनंद होईल अशी माझी समजूत होती. त्यांनी सुपातले तांदूळ पाखडत सगळा ऐकला.

"तेव्हा सांगलात, हंयसून जावा. आता सांगतास, हंयच रवा. आमका कोणी इचारलां?"

मला बोलायला काही सुचेना. त्या पुढे सरळ व्यवहारावर आल्या. थोरला कुडाळला आहे, तो बोलावतो. धाकट्याला इथेच राहायचं आहे पण सरबतावर बायको मिळत नाही. गुडघे होडीत चढताना दुखतात. देवीच्या उत्सवाला सगळे येतात, मग सगळे जातात. जायचं की राहायचं हे त्या ठरवतील, मला त्यात घेतलं नाही तरी चालेल. मसुद्यात मी 'रहिवाशांनी किल्ल्यावरच राहावं' असं एक भावनेने ओथंबलेलं वाक्य घातलं होतं, ते तिथल्या तिथे खोडलं. 'राहू इच्छिणाऱ्यांना' असं केलं.

"आणि त्या रोपां काढण्याचो पगार कितको?" त्यांनी विचारलं.

तो आकडा मसुद्यात नव्हता. परवा त्याच्यावरच बैठक झाली. एकाचं म्हणणं, रोजगार हमीचा दर लिहा, सरकारला पटेल. दुसरे म्हणाले, मानधन म्हणा, आकडा टाळा. माझं म्हणणं, कुठल्या सांध्यातलं रोप आधी काढायचं आणि कुठल्या चिऱ्याला हात लावायचा नाही हे ज्याला कळतं तो मजूर नव्हे, गवंड्याचा दर लावा. त्यावर अर्धा तास वाद झाला आणि जेवणाची वेळ झाली म्हणून उठलो. पुढची बैठक गुरुवारी आहे. या वेळी काकींच्या धाकट्यालाही बोलावलं आहे, होडी वेळेवर लागली तर तो येईल.